शेत-शिवार: प्रश्न तुमचे
सामाईक विहीर, साडेसातची मोटार आणि वाकडी झालेली पाळी

प्रश्न: आजोबांच्या विहिरीत आम्हा तिघांचा हिस्सा आहे. थोरल्या चुलत्यांचा आठ आणे, आमचा आणि धाकट्या काकांचा चार-चार आणे. पाळी तासांवर चालते. थोरल्यांनी पाच हॉर्सपॉवरची मोटार काढून साडेसातची बसवली. आता त्यांची पाळी संपते तेव्हा विहीर तळाला गेलेली असते आणि आमच्या वाट्याला गाळ येतो. त्यात शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं आहे. कोर्टात जावं का? (एक शेतकरी, सिन्नर तालुका)

उत्तर: कोर्टाआधी एक दिवस मोजमापाला द्या. तासांवर वाटणी तेव्हाच न्याय्य, जेव्हा सगळ्यांच्या मोटारी सारख्या असतात. तुमच्याकडे आता तसं नाही, म्हणून तास सोडा आणि पाणी वाटा.

आधी आवक मोजा. तिन्ही घरची माणसं हजर ठेवून विहीर नेहमीच्या खालच्या पातळीपर्यंत उपसा आणि सगळ्या मोटारी २४ तास बंद ठेवा. दोरीला वजन बांधून दर दोन तासांनी पातळी लिहा. सुरुवातीला पाणी भराभर चढतं, वर आलं की चढ मंदावतो. म्हणून अर्ध्या भरलेल्या विहिरीवर मोजलेली आवक फसवी निघते. विहीर ८ मीटर व्यासाची असेल तर १ मीटर पाणी म्हणजे सुमारे ५० हजार लिटर. समजा २४ तासांत ३ मीटर चढलं, तर रोजची आवक दीड लाख लिटर आणि पंधरवड्याची २१ लाखांच्या आसपास. एका एकराला ५ सेंटिमीटरचं एक पाणी द्यायला २ लाख लिटर लागतं. म्हणजे ही विहीर पंधरवड्याला जेमतेम दहा एकर भिजवते: थोरल्यांचे पाच एकर, तुमचे आणि काकांचे अडीच-अडीच. मातीच्या दंडातली (शेतातल्या पाटातली) गळती यातूनच जाते. हा हिशोब रब्बी पेरणीच्या आधी झाला पाहिजे. कांदा लागल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नसतो.

दिवाळीतली आवक माघात टिकत नाही. आपला काळा खडक पाणी साठवतो थोडं आणि सोडतो लवकर. संक्रांतीनंतर पुन्हा मोजा आणि उन्हाळी पिकाचं क्षेत्र त्या आकड्यावर ठरवा.

आता वाटणी. विहिरीच्या आतल्या कडेला, तळापासून साधारण १ मीटरवर, ऑइल पेंटची ठळक पट्टी मारा. पट्टीच्या खाली कोणीही उपसायचं नाही; ते पाणी जनावरांचं आणि घरचं. सगळ्यांचे फूटवॉल्व्ह (मोटारीच्या पाइपचं पाण्यातलं तोंड) पट्टीच्याच पातळीला ठेवा. ज्याचा फूटवॉल्व्ह खाली, त्याला शेवटचं पाणी मिळतं, आणि अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात. पाळी दिवसांवर लावा: थोरल्यांचे चार दिवस, तुमचे दोन, काकांचे दोन. आपल्या दिवसात जे पाणी विहिरीत आलं ते आपलं. मग मोटार पाचची असो की साडेसातची, जास्त कोणालाच मिळत नाही. मोठी मोटार तेच पाणी लवकर उपसते, एवढंच. पाळी बदलण्याची वेळ म्हणजे लाइट जाण्याची वेळ, म्हणजे मधल्या वेळात साठलेलं पाणी नव्या पाळीवाल्याला मिळतं.

आठ दिवसांचं चक्र मुद्दाम सुचवलं आहे. लाइट १४ दिवसांनी फिरते. पाळीही १४ दिवसांची ठेवली तर एकाच घराला कायम रात्रीचं पाणी येईल. आठ दिवसांची ठेवली की ५६ दिवसांत प्रत्येकाच्या दिवसा आणि रात्रीच्या पाळ्या बरोबर सारख्या होतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून बघा, पटेल.

कागदावर आणखी तीन गोष्टी घ्या. पहिली, स्टार्टरचं ऑटो. पाळी नसलेल्याची मोटार ऑटोवर राहिली की लाइट येताच पाणी उपसायला लागते, आणि 'चुकून राहिलं' यावर कोणी विश्वास ठेवत नाही. पाळी संपली की ऑटो बंद, हा नियम लिहून घ्या. दुसरी, डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर पाळी सगळ्यांसाठी थांबते आणि थांबली तिथूनच पुढे सुरू होते. लहानसहान लाइट जाण्याची भरपाई मागू नका, नाहीतर तारखा सरकत जाऊन महिन्याभरात पाळीचा पत्ताच लागत नाही. तिसरी, गाळ काढणं आणि आडवं बोअर (झरा वाढवायला विहिरीच्या आतून कडेला मारलेलं छिद्र) यांचा खर्च आण्यांच्या प्रमाणात. एकट्याने आडवं बोअर मारून 'हे वाढीव पाणी माझं' म्हणण्याची सोय ठेवू नका.

पाळीवर नजर कोणी ठेवायची? हिस्सेदार नसलेल्या माणसाने. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे सामूहिक सिंचनाच्या जुन्या रीतीत, शेतकरी स्वतः दारं धरत नाही, पाणी बारेकरी भरतो. त्याला कुठल्याच शेताचं वेगळं सोयरसुतक नसतं. तुमच्याकडे शेजारचा विश्वासू माणूस चालेल. मोबदला तिघांनी आण्यांप्रमाणे द्यावा.

हे सगळं स्टॅम्प पेपरवर लिहा, साक्षीदार घ्या, आणि हिश्श्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात आहे का ते तलाठ्याकडे पाहा. नसेल तर फेरफाराचा अर्ज आत्ताच करा. पुढच्या पिढीत हे करायला सह्या मिळत नाहीत.

प्रश्न: विहीर माझी, शेत ओढ्यापलीकडे. मधला शेतकरी पाइपलाइन नेऊ देत नाही. उपाय?

उत्तर: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४९. तहसीलदारांकडे अर्ज करा. शेजाऱ्याला नोटीस जाते, त्याचं म्हणणं ऐकलं जातं. पाइप जवळच्या मार्गाने आणि जमिनीखाली किमान अर्धा मीटर असावा लागतो. उघडा पाट असेल तर रुंदी दीड मीटरच्या वर नको. नुकसानभरपाई आणि ठरेल ते वार्षिक भाडं तुम्ही द्यायचं, चर बुजवून रान पूर्ववत करायचं. आमचं मत असं की अर्धा मीटर ही किमान मर्यादा आहे. ट्रॅक्टरचा खोल नांगर चालणाऱ्या रानात थोडं आणखी खाली गेलात तर पुढची फुटतूट आणि भांडण दोन्ही वाचतं. अर्ज करण्याआधी पाइपचा मार्ग शेजाऱ्यासोबत चालून बघा. बहुतेकांचा विरोध पाइपला नसतो, उभ्या पिकातून चर खणण्याला असतो. पीक निघाल्यावर काम करण्याची लेखी हमी द्या.

याउलट कोणी बांध घालून पाण्याचा नैसर्गिक वाहता मार्ग अडवला असेल, तर तक्रार मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडेच जाते. अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा लावायला हवा. 'गावात बसून मिटवू' म्हणत हीच मुदत निघून जाते.

प्रश्न: गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीजवळ एकाने खोल बोअर घेतलं. मार्चमध्ये विहीर आटते. तो म्हणतो, संबंध नाही. (एक ग्रामपंचायत सदस्य)

उत्तर: पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून (स्रोतापासून) ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हा नियम १९९३ च्या कायद्यापासून आहे. आधी टेपने अंतर मोजा. नंतर चाचणी: तीन दिवस बोअर बंद, तीन दिवस चालू. दोन्ही वेळा गावच्या विहिरीचा उपसा तितकेच तास ठेवा, पातळी दर दोन तासांनी लिहा आणि वहीवर बोअरवाल्याचीही सही घ्या. बोअर चालू असताना पातळी झपाट्याने उतरली तर झरा एकच असण्याची शक्यता मोठी. फरक दिसला नाही तर त्या माणसाला दोष देणं थांबवा.

फरक दिसला तर वहीची प्रत जोडून तहसीलदारांकडे अर्ज द्या आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाकडून पाहणी मागा. मध्यंतरी तोडगा म्हणून टंचाईच्या महिन्यांत तेच बोअर गावासाठी अधिग्रहित करण्याचा ठराव ग्रामसभेत घ्या. मालकाला मोबदला मिळतो, टाकी भरते, आणि तो माणूस गावाविरुद्ध उभा राहत नाही. ठराव फेब्रुवारीतच करा, कारण टँकरच्या रांगा लागल्यावर तहसीलमध्ये तुमच्यासारखे अनेक अर्ज आलेले असतात.