पणजीचा 1950 च्या सुमाराचा घटस्फोट नाशिकच्या जुन्या वर्तमानपत्रांतल्या कोर्ट नोटिशींवरून शोधता येईल का?

येईल. आणि 1955 च्या आधी हिंदूंत घटस्फोट नव्हताच असं घरात कोणी ठासून सांगत असेल, तर तिकडे लक्ष देऊ नका.

आमच्या आजोबांची बहीण सिन्नरला माहेरी आली ती कायमचीच. काकांचं ठरलेलं वाक्य, "नवऱ्यानं टाकली. घटस्फोट कसला, कायदाच कुठे होता?" काका वकिलाकडे कारकून होते, त्यामुळे घरात त्यांच्यापुढे कोणी बोलत नसे. कायदा होता. मुंबई प्रांतानं 1947 मध्येच हिंदू घटस्फोटाचा कायदा केला आणि नाशिक त्याच प्रांतात. जोडीदारानं सलग चार वर्षं टाकलं असेल, तर तेवढ्यावर दावा लावता येई. उलट 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात त्या कारणावर फक्त विभक्त राहण्याचा हुकूम मिळे. घटस्फोटासाठी ते परत आलं 1976 मध्ये.

मला नोटीस सापडली 1953 च्या बांधीव फाईलमध्ये, सिनेमाच्या जाहिरातींखाली. वादी आमची आत्याआजी. प्रतिवादी तिचा नवरा, राहणार पंचवटी, हल्ली ठावठिकाणा माहीत नाही. नेमल्या तारखेस हजर न राहिल्यास एकतर्फी निकाल होईल. म्हणजे पळाला होता तो, आणि कोर्टात गेली होती ती! फोटो काकांना दाखवला. चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "नोटीस काय, कोणीही देतं." अहो, कोणीही कसं देईल? बेलीफ समन्स न बजावता परत आला, की कोर्टाच्या हुकमानं ती छापतात.

तुम्ही पणजीचं माहेरचं नाव शोधत बसू नका. नोटिशीत बाई सासरच्या नावानं असते, पुढे 'भ्र.' (भ्रतार, म्हणजे नवरा) लावून नवऱ्याचं नाव. आडनावावर नजर ठेवा. पणजोबा शेवटी जिथे राहत होते, तिथलं वर्तमानपत्र आधी बघा. नाशिकचे असतील तर 'गावकरी'. जुन्या अंकांची चौकशी सावानापासून (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) सुरू करा. दावा क्रमांक दिसला की लगेच उतरवून घ्या, पुढे कोर्टात नकलेचा अर्ज करताना तोच लागतो.

आता, नोटीस म्हणजे घटस्फोट नव्हे. दावा लागला होता एवढंच त्यातून कळतं; निकाल हुकूमनाम्यात. (तेवढ्यापुरतं काकांचं खरं धरू.) समन्स हातोहात बजावलं गेलं असेल, तर वर्तमानपत्रात काहीच सापडणार नाही. जातपंचांपुढे काडीमोड झाली असेल, तर कोर्टातही नाही. जुन्या दाव्यांचे बरेचसे कागद मुदतीनंतर नष्टही करतात.

म्हणून साल आधी पक्कं करा, आणि ते पणजीच्या माहेरच्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. कोणाच्या लग्नाआधी ती परत आली, कोणाच्या बारशाला घरात होती, हे त्यांना बरोबर आठवतं. पुरुषांना विचारलंत तर आमच्या काकांसारखा कायदा ऐकावा लागेल.