हॉलमध्ये स्पीकरची दुसरी जोडी, तीही क्रेडिट कार्डावर?

प्रश्न असा : रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाच्या हॉलमध्ये ८ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) स्पीकरची जुनी जोडी आहे. शेजारी ४२,००० रुपयांची नवी, ६ ओहमची जोडी लावून दोन्ही एकदम वाजवायच्या आहेत. पैसे कार्डावर, ‘माल कापला की फेडतो.’ घेऊ का?

भाऊ, अशी तरी नका घेऊ.

अ‍ॅम्पच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या, मागच्या बाजूचा फोटो पाठवलात, ते बरं केलंत. ए आणि बी म्हणजे दोन जोड्या जोडायच्या दोन जागा. तिथे छापलंय : ए किंवा बी, ४ ते १६ ओहम; ए आणि बी एकत्र, ८ ते १६ ओहम. म्हणजे दोन्ही जोड्या एकदम चालवायच्या तर एकूणएक स्पीकर किमान ८ ओहमचा हवा. तुमचे ८ आणि नवे ६ समांतर जोडले की अ‍ॅम्पवर लोड येतो जेमतेम ३.४ ओहमचा. ओहम घटले की करंट वाढतो आणि अ‍ॅम्प तापतो. त्यात मे महिन्यातलं रावेर, पारा पंचेचाळीसला, आणि अ‍ॅम्प काचेच्या शोकेसमध्ये कोंडलेला! प्रोटेक्शन लागून नुसता बंद पडला तर सुटलात. नाहीतर नवा अ‍ॅम्प आलाच, आणि त्याचे पैसे या ४२,००० मध्ये धरलेले नाहीत.

बरं, एवढं करून ऐकू काय येणार? तेवढ्याच वॉटला जुने ८६ डेसिबल आवाज देतात, नवे ९१. नव्यांइतका आवाज काढायला जुन्यांना तिपटीहून जास्त वॉट लागतात आणि व्हॉल्यूमचं बटण दोघांना मिळून एकच. नवे गाणार, जुने मागे पुटपुटणार. शिवाय एकाच खोलीत तोच आवाज चार ठिकाणांहून आला की गायकाची जागा हरवते.

आता कार्ड. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू. तुमचा दर स्टेटमेंटवर असतोच. बिल थकलं की महिन्याला १,४७० रुपये व्याज, वर १८ टक्के जीएसटीचे २६५. केळीचा पैसा एकरकमी येतो, बिल मात्र दर महिन्याला. मध्येच वादळात बाग आडवी झाली तर? त्यात पीककर्जाची तारीख हुकली तर व्याजाची सवलतही गेली. ते नुकसान स्पीकरपेक्षा मोठं.

पत्रात शेवटी सहज लिहिलंत की हिवाळ्यात मागच्या ओसरीत भरिताच्या पार्ट्या होतात. मला वाटतं, खरी गरज तिथे आहे. ८ ओहमची छोटी जोडी बघा, वापरलेली चालेल, वायर धरून ८,००० च्या आत, रोख. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओसरीपर्यंत ओढा आणि ती बीला जोडा. पावसाळ्यात स्पीकर आत घ्यायचे.

नवी जोडी मनातून जात नसेल तर माल कापून कर्जाची रक्कम बाजूला काढल्यावर दुकानदाराकडून दोन दिवस घरी आणून ऐका. आवडली तर एकटीच वाजवा आणि जुनी ओसरीत न्या. पण मग बटण एका वेळी एकच, ए नाहीतर बी. पोरांना तेवढं बजावून ठेवा.