१६०० वॅटच्या सबवूफरला ३०० वॅटचा ॲम्प चालेल का?

तुमचा गाडीतला वूफर बारा इंची, ड्युअल ४ ओहम, म्हणजे ४-४ ओहमच्या दोन कॉइल. खोक्यावर १६०० वॅट, आतल्या कागदावर आरएमएस, म्हणजे सलग सोसता येणारी पॉवर, ५००. दुकानदार म्हणतोय, ३०० वॅटचा ॲम्प घ्या, लहान ॲम्पने वूफर जळत नाही. हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो, कारण या एका समजुतीपायी लोकांचे चांगले वूफर जळतात.

१६०० सोडून द्या, तो क्षणभराचा आकडा. हिशोब आरएमएसचा.

अशाच सल्ल्याने बसवलेला एक वूफर उघडायला आला होता. ४०० आरएमएस, ड्युअल ४, दोन्ही कॉइल पॅरलल, म्हणजे २ ओहम. त्यावर २ ओहमला ३०० वॅट देणारा मोनो ॲम्प. दोन्ही तळव्यांनी कोन (वूफरचा हलणारा पडदा) सरळ खाली दाबला की आत खरवडल्यासारखा आवाज, आणि मागच्या भोकातून जळक्या वार्निशचा वास. मीटर लावला तर एक कॉइल ३.५ ओहम दाखवते, दुसरी ओपन, म्हणजे तार तुटलेली. (४ ओहमची कॉइल मीटरवर साडेतीनच्या आसपासच दिसते, ते ठीक.) सराउंड (कोनाच्या कडेची लवचिक पट्टी) कापून कोन बाहेर काढला. कॉइलचे वेढे फॉर्मरवरून, म्हणजे ज्या नळीवर ते गुंडाळतात तिच्यावरून, सुटलेले, तांबं काळंठिक्कर. सराउंड मात्र नव्यासारखा, स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी चकती) शाबूत. म्हणजे कोन जास्त हलून वूफर गेला नव्हता, कॉइल तापून गेला होता. ॲम्पवर बघितलं, गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते बटण) शेवटपर्यंत फिरवलेला आणि बास बूस्ट १२ डीबी.

३०० चा ॲम्प ४०० चा वूफर कसा जाळतो? तर आवाज कमी पडला की माणूस गेन वाढवतो. ॲम्पची मर्यादा संपली की लाटेचे माथे कापले जातात आणि ती चौकोनी होत जाते. पूर्ण चौकोनी लाटेत तेवढ्याच व्होल्टेजला सरासरी पॉवर दुप्पट भरते. ३०० चा ॲम्प ६०० च्या दिशेने जातो, तेही गाणं संपेपर्यंत, कॉइलला निवायला उसंत न देता. ४०० ची कॉइल हे किती वेळ सोसणार?

म्हणून तुमच्यासाठी मोनो, क्लास डी, २ ओहमला ५०० आरएमएस. ६०० असला तरी चालेल, गेन खाली ठेवायचा. दोन्ही कॉइल पॅरलल करा. सिरीज केल्या तर ८ ओहम होतात आणि तोच ॲम्प जेमतेम पाव पॉवर देतो. चार चॅनलचा ॲम्प ब्रिज करून, म्हणजे दोन चॅनल एकत्र जोडून, २ ओहमवर लावू नका. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला निम्माच लोड दिसतो, म्हणजे १ ओहम. बहुतेक चार चॅनल ॲम्प ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली चालत नाहीत, थोड्या वेळात तापून प्रोटेक्टचा लाल दिवा लावतात.

गेन कानाने लावू नका. वूफरच्या वायरी काढा, बास बूस्ट बंद, इक्वलायझर सपाट, स्टिरिओचा आवाज पाऊणभर. ५० हर्ट्झचा शून्य डीबीचा टोन लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला धरा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ५०० गुणिले २, म्हणजे १०००, म्हणजे ३१.६ व्होल्ट. गेन तिथवर आणून हात काढा. ॲम्प ३०० चाच घेतलात तर २४.५ व्होल्टला थांबा. त्या ॲम्पवर ३१ व्होल्ट गाठायला गेलात तर वरचीच गत. लो पास (त्यावरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झ; बॉक्सला पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, असेल तर अगदी खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर लावाच, कारण पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्याखाली कोनाला हवेचा आधार राहत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. असा मोजून गेन लावला तर ३०० चाच काय, १०० चा ॲम्पही तुमचा वूफर जाळणार नाही, फक्त आवाज बेताचा येईल. दुकानदाराचं वाक्य तेवढ्यापुरतं खरं आहे. पण ते सांगणारे गेन मोजून देत नाहीत, हा माझा त्यांच्याशी जुना वाद आहे.

५०० वॅटला सुमारे ४५ अँपिअर खेचले जातात. शुद्ध तांब्याची ४ गेजची केबल घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असेल तर एक माप जाड. ६० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. ॲम्पची अर्थची (ग्राउंडची) वायर डिक्कीतल्या बॉडीच्या पत्र्यावर, रंग खरवडून, लखलखीत धातूवर. शंका असेल तर बास वाजत असताना मीटर डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ॲम्पच्या ग्राउंड स्क्रूला लावा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थ पुन्हा करा, ॲम्पला दोष देऊ नका.