टेंडर बाद झालं, कारण कोण सांगणार?

प्रश्न: मी नागपुरातला नोंदणीकृत कंत्राटदार आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या 2 कोटी 40 लाखांच्या सिमेंट रस्त्याचं बी-1 टेंडर (खात्याच्या अंदाजापेक्षा किती टक्के कमी-जास्त, असा दर द्यायचं) भरलं होतं. महाटेंडर्स या राज्याच्या ई-टेंडर पोर्टलवर माझ्या नावापुढे ‘तांत्रिकदृष्ट्या अपात्र’ एवढंच आलं आणि दुसरा, म्हणजे दराचा लिफाफा उघडलाच नाही. माझा दर 8 टक्के कमी होता, काम चाललंय 3 टक्के कमीवाल्याकडे. टेंडर क्लार्क तोंडी म्हणतो, ‘भाऊ, तुमची बिड कपॅसिटी बसत नाही,’ म्हणजे हातातली कामं धरता एवढं नवं काम मला झेपणार नाही. नाल्याचं 70 लाखांचं जुनं काम त्यांनी चालू धरलं असावं, पण ते पूर्ण झालंय आणि दाखलाही जोडला होता. अमेरिकेतला पुतण्या म्हणतो, तिकडे हरलेल्या कंत्राटदाराला बसवून कारणं सांगावी लागतात. आपल्याकडे तसा हक्क आहे का? की सरळ हायकोर्टात जाऊ?

उत्तर: भाऊ, हायकोर्ट सिव्हिल लाइन्समध्येच आहे, कुठं जात नाही. आधी कारण कागदावर घ्या. आज तुमच्या हातात आहे ते क्लार्कचं बोलणं, आणि उद्या ‘मी असं म्हणालोच नाही’ म्हटलं की संपलं.

पुतण्याचं खरं आहे. अमेरिकेत वाटाघाटीनं दिल्या जाणाऱ्या केंद्रीय कंत्राटांत, निर्णय कळल्यापासून 3 दिवसांत लेखी मागणी केली तर खात्याला कारणं समजावून सांगावी लागतात, शक्यतो 5 दिवसांत. पण तिथंही जिंकणाऱ्याचं टेंडर तुमच्या टेंडरशेजारी ठेवून मुद्देनिहाय तुलना करून दाखवत नाहीत.

आपल्याकडे अशी बैठक मागण्याचा एकच सरसकट कायदा नाही. टेंडर कोणाचं, यावर सगळं ठरतं. केंद्र सरकारच्या कार्यालयांना सामान्य वित्तीय नियम, 2017 लागू आहेत. त्यातला नियम 173 म्हणतो की निविदाधारकानं विचारलं तर टेंडर नाकारल्याची कारणं सांगितलीच पाहिजेत. वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स), मॉयल अशा नागपुरात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपन्यांची स्वतःची नियमावली असते. जागतिक बँकेच्या पैशाचं काम असेल आणि निविदा पुस्तिकेत थांबण्याचा काळ (निवड कळवल्यावर करार करण्याआधीचा) दिला असेल, तर कामाच्या 3 दिवसांत मागणी करून खुलासा घेता येतो. तुमचं टेंडर राज्य सरकारचं, त्यामुळे नियम 173 थेट लागू होत नाही. म्हणून खातं मोकळं सुटलं असं नाही. सिडकोविरुद्धच्या स्टार एंटरप्रायझेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1990 सालीच सांगितलंय की सरकारी संस्थेनं चांगली बोली नाकारली तर साधारणपणे कारणं नोंदवावीत आणि कळवावीत. तिथं प्रश्न भूखंडाच्या सर्वाधिक बोलीचा होता, पण तत्त्व तुमच्या कामाचं आहे.

आता तुमचं गणित बघू. कपॅसिटीचं सूत्र टेंडरमध्ये छापलेलं असतं. बहुतेक ठिकाणी ते ए गुणिले एन गुणिले 2, वजा बी असं असतं. ए म्हणजे गेल्या 5 वर्षांतली सर्वांत मोठी वार्षिक उलाढाल, एन म्हणजे कामाची मुदत वर्षांत, बी म्हणजे त्या मुदतीत तुमच्यावर असलेल्या चालू कामांची उरलेली किंमत. तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून ए 3 कोटी आणि एन 1 वर्ष, म्हणजे 6 कोटी. खात्यानं बी 3 कोटी 80 लाख धरला असेल तर उरले 2 कोटी 20 लाख. काम 2 कोटी 40 लाखांचं, तुम्ही बाद. नाल्याचे 70 लाख वगळले की बी 3 कोटी 10 लाख होतो, कपॅसिटी 2 कोटी 90 लाख, आणि तुम्ही आरामात बसता.

पण एक गोष्ट खटकते. चालू कामांची यादी तुमच्याच सहीची आहे आणि तिच्यात नाल्याचं काम पूर्ण रकमेसह आहे, शेऱ्याचा रकाना कोरा. खातं म्हणेल, ‘आम्ही तुमचाच आकडा धरला.’ तुमचा आधार एकच, की पूर्णत्वाचा दाखला त्याच पहिल्या लिफाफ्यात अपलोड झालेला होता. तो खरंच गेला का, हे पोर्टलवरच्या तुमच्या बिडच्या पावतीतल्या फायलींच्या यादीत आजच तपासा. दाखला नंतर नेऊन दिला असेल तर हे प्रकरण मी घेणार नाही.

दाखला गेलेला असेल तर उद्या सकाळीच कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्या, प्रत अधीक्षक अभियंत्यांना. पत्र एका पानाचं असू द्या, आरोप एकही नको. टेंडर क्रमांक टाका आणि विचारा: मी नेमक्या कोणत्या अटीत बसलो नाही, कपॅसिटी काढताना बी किती धरला, दाखला विचारात घेतला की नाही. खुलासा मिळून निवेदनावर निर्णय होईपर्यंत कार्यारंभ आदेश देऊ नये, अशी विनंतीही करा. आवक क्रमांक टाकलेली पोच घ्या आणि हेच ई-मेलनं पाठवा. निविदा पुस्तिकेत तक्रारीची मुदत दिलेली असते, ती चुकवू नका. खात्यानं जे कारण लेखी दिलं, त्यालाच ते बांधलं जातं. मोहिंदरसिंग गिल खटल्यापासून (1978) हे पक्कं आहे: आदेशातली उणीव नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं घालून भरून काढता येत नाही.

माहिती अधिकाराचा अर्जही त्याच दिवशी टाका. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, म्हणून कहाणी लिहू नका. तांत्रिक छाननीचं इतिवृत्त, तुलनात्मक तक्ता आणि मंजूर निविदाधारकाच्या पहिल्या लिफाफ्याची पाहणी, एवढंच मागा. व्यावसायिक गोपनीयतेचं कलम 8 पुढे करतील, समोरच्याला कलम 11 ची नोटीसही जाईल. उत्तराला 30 दिवस, नोटीस गेली तर 40. तोवर रस्त्यावर खडी पडलेली असेल, म्हणून या अर्जाच्या भरवशावर थांबू नका.

हायकोर्टाचं म्हणाल तर दार उघडं आहे, पण अरुंद. जगदीश मंडल निकालानं (2007) न्यायालयापुढे दोनच प्रश्न ठेवलेत: निर्णय दुष्ट हेतूचा किंवा कुठल्याही समंजस अधिकाऱ्यानं घेतलाच नसता इतका मनमानी आहे का, आणि जनहिताला बाधा येते का. अटीचा अर्थ लावण्याचा वाद असेल तर विसरा. आपल्याच मेट्रोच्या अ‍ॅफकॉन्स प्रकरणात नागपूर खंडपीठानं मेट्रोचा निर्णय फिरवला होता आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. टेंडर ज्यानं लिहिलं त्यालाच त्याचा अर्थ अधिक कळतो, असं न्यायालय म्हणालं. तुमचा वाद अर्थाचा नाही, समोर असलेला कागद न बघण्याचा आहे, आणि 5 टक्क्यांच्या फरकानं तिजोरीचे 12 लाख जास्त जातात. त्यातच समोरच्याला एखादा कागद मागाहून द्यायची सवलत दिल्याचं फाइलमध्ये निघालं, तर प्रकरणाला बळ येतं. एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं, म्हणून 2024 मध्ये बन्सीधर कन्स्ट्रक्शन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं भारत कोकिंग कोलचं कंत्राट रद्द केलं.

स्थगितीची आशा मात्र फार धरू नका. विशिष्ट अनुतोष कायद्यात 2018 च्या दुरुस्तीनं रस्त्यासारख्या पायाभूत कामांना मनाई हुकूम देण्यावर बंधन आलंय, आणि झारखंडमधल्या एका रस्त्याच्या प्रकरणात (एन. जी. प्रोजेक्ट्स, 2022) सर्वोच्च न्यायालयानं रिट (सरकारी निर्णयाविरुद्धची याचिका) ऐकणाऱ्या न्यायालयांनाही ते ध्यानात ठेवायला सांगितलंय. कार्यारंभ आदेश निघून काम सुरू झालं की हातात फार काही उरत नाही.

तेव्हा पत्र दिल्यावर आठवडाभरच वाट बघा. उत्तर आलं नाही किंवा आदेश निघायची कुणकुण लागली तर त्याआधीच या. येताना पत्राची पोच, बिडची पावती, नाल्याचा दाखला, चालू कामांची यादी आणि टेंडरची पूर्ण पुस्तिका आणा, शुद्धिपत्रकांसकट.