साचा नव्हे, ठसा. आणि छापा-काट्यातला काटा

प्रश्न असा आला आहे: 'मी खेळण्यातली छोटी नाणी जमवतो. एकाच प्रकारच्या दोन नाण्यांत बारीक फरक सापडतात, त्यांना संग्राहक डाय व्हरायटी म्हणतात. मराठीत साचाभेद म्हटलं तर चालेल का? आणि नाण्याच्या दोन बाजूंना दर्शनी बाजू, पृष्ठ बाजू याशिवाय दुसरे शब्द आहेत का?'

साचाभेद चालणार नाही. डाय म्हणजे ठसा, साचा नव्हे. नाण्यांविषयी मराठीत जे काही लिहिलं जातं, त्यात हा साचा इतक्या वेळा भेटतो की आता मला तो सहन होत नाही. साच्यात ओततात आणि ठशाने ठोकतात. घंटा ओतीव असते, मूर्ती ओतीव असते. पातळ झालेला धातू साच्याच्या पोकळीत शिरतो आणि थंड झाला की तिचा आकार घेऊन बाहेर येतो. नाण्याची चकती मुळात घट्ट असते. ती दोन पोलादी ठशांच्या मध्ये ठेवायची, वरून आघात करायचा, म्हणजे धातू दबून ठशाच्या खोलगट रेषांत चढतो.

हा काही शब्दांचा कीस नाही. जुनी नाणीसुद्धा काही ठिकाणी ओतूनच करत. पण ठोकलेल्या नाण्याची ओतीव प्रत निघाली तर ती बहुतेकदा नक्कल असते. तिची अक्षरं बोथट असतात, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात, कडेला सांध्याची रेघ दिसते. विक्रीच्या एका यादीत एका छोट्या पितळी नाण्यापुढे 'वेगळ्या साच्यातून काढलेलं' असं लिहिलेलं होतं. मी अर्थातच ते ओतीव नक्कल समजून सोडून दिलं. महिन्याभराने फोटो नीट पाहिला, तर अक्षरांच्या कडा धारदार आणि नाणं अस्सल ठोकीव. वेगळा होता तो ठसा. एका चुकीच्या शब्दापायी नाणं हातचं गेलं. तेव्हा शब्द ठसाभेद. आणि नाणी 'छापतात' असंही कृपया लिहू नका. नोटा छापतात, नाणी पाडतात. इतकं सुटसुटीत क्रियापद घरात असताना ते अडगळीत का टाकायचं?

ठसा या शब्दावर एक आक्षेप ठरलेला असतो. ठसा म्हणजे उमटलेली खूण, बोटांचे ठसे म्हणतो तसा. मग खूण उमटवणाऱ्या पोलादी तुकड्याला तोच शब्द कसा, त्यापेक्षा 'मुद्रा' घ्या, असं जाणकार म्हणवणारे लोक सांगतात. त्यांनी एकदा शिक्का या शब्दाकडे पाहावं. टेबलावर ठेवलेला तोही शिक्का आणि कागदावर उठलेला तोही शिक्का, आणि यात आजवर कुणाचा गोंधळ झालेला नाही. सोनाराच्या हत्यारांतही ठसा हा पत्र्यावर नक्षी उठवणारा तुकडाच असतो. मुद्रेला मात्र चेहऱ्यावरचे भाव, योगातली बोटांची ठेवण, अंगठी, मोहोर आणि चलन एवढी कामं आधीच आहेत. तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं नको.

आता दुसरा प्रश्न, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. दर्शनी आणि पृष्ठ हे शब्द पाठ्यपुस्तकातून आले आहेत. नाणं हवेत उडवणाऱ्या प्रत्येक मराठी पोराला त्याच्या दोन बाजूंची नावं ठाऊक असतात: छापा आणि काटा. छापा कळतो. पण काटा कसला?

काहींच्या मते हा बोचणारा काटा. नको ती बाजू पडली की बोचते म्हणून काटा. हे मला अजिबात पटत नाही. नाणेफेकीत ज्याने काटा मागितला त्याला छापा बोचणार, मग नाव एकाच बाजूला का चिकटलं? दुसरे म्हणतात, छाप्याला यमकासारखा जोडलेला हा निरर्थक शब्द. पण काटा आणि छापा यांचं यमक कुठे जुळतं?

माझं मत असं की हा तराजूचा काटा आहे, आणि तो नाण्यावर खरोखर होता. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत पाडून घेतली. 1791 आणि 1794 सालच्या नाण्यांवर एका बाजूला कंपनीची खूण, म्हणजे गाठोड्यांवर मारायची ती छाप. 1804 पासून तिच्या जागी कंपनीचं ढालीचं चिन्ह. दुसऱ्या बाजूला या सगळ्यांवर तराजू. दोन पारडी, वर दांडी आणि पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत एक शब्द: अदल. एका बाजूला छाप, दुसरीवर काटा. यापेक्षा सरळ काय असणार?

मराठीत काटा म्हणजे तराजूची मधली सुई आणि तिच्यावरून अख्खा तराजूच. काट्यावर माल घालतात, काटेतोल वजन म्हणतात. बाजारात रोज हाताळायच्या तांब्याच्या नाण्यावर तराजू दिसल्यावर लोक त्याला दुसरं काय म्हणणार होते?

आता माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा. गुजरातीतही छाप आणि कांटोच म्हणतात. हिंदीत चित-पट आहे, तिथे काट्याचा पत्ता नाही. मराठी आणि गुजराती या दोन भाषांना जोडणारा मुलूख म्हणजे हाच मुंबई इलाखा, हाच या तराजूच्या नाण्यांचा मुलूख. काटा जर नुसता बोचरा काटा असता, तर तो नेमका या दोन भाषांतच का रुतून बसला असता? 1835 पासून कंपनीने सगळीकडे एकसारखी नाणी काढली. त्यांतल्या पाव आण्यावर ढाल राहिली, तराजू गेला आणि त्या जागी वेलीच्या वेढ्यात किंमत आली. नाण्यावरचा काटा गेला, जिभेवरचा राहिला. मला यात जो आनंद होतो तो शब्दांत सांगता येत नाही.

आणि तो अदल! अरबी अदल म्हणजे न्याय. मराठीत आपण अद्दल घडवतो, ती यातूनच आली. न्यायाची शिक्षा झाली आणि शिक्षेचा धडा. म्हणजे ज्या नाण्याने काटा दिला, त्याच्यावर अद्दलही लिहिलेली होती.

यावर कुणी म्हणेल की तराजूची नाणी येण्याआधीचा छापा-काटा एखाद्या जुन्या कागदात सापडला तर? सापडू दे, मी मत मागे घेईन. पण कागद दाखवा. 'असं वाटत नाही' हे काही खंडन होत नाही.

तर ठसाभेद. खेळण्यातल्या नाण्यांवर ते भरपूर मिळतात, कारण ही नाणी कुणी वजन करून तपासत नसे. तडकलेला ठसाही काम देईल तोवर चालवता येई. ओळखण्याचं सूत्र एका वाक्यात बसतं: ठशाचं आणि नाण्याचं सगळं उलटं असतं. ठशाला तडा गेला की त्या फटीत धातू चढतो, म्हणून नाण्यावर तड्याची रेघ उंच उठते. नाणं नंतर खरवडलं असेल तर रेघ खोल असते. माझ्याकडे नखापेक्षा लहान अशी दोन पितळी नाणी आहेत, दोन्हींवर राणीचं तेच मस्तक. एकावर गळ्यापासून कडेपर्यंत केसासारखी रेघ गेली आहे. दिवा बाजूला धरला की तिची सावली पडते आणि नखाच्या टोकाला ती लागते. ती उंच आहे, म्हणजे दोष ठशात होता. काटेकोर बोलायचं तर अशा तड्याला ठशाची अवस्था म्हणायचं; ठसा तोच, फक्त म्हातारा झालेला. भेद तेव्हा, जेव्हा ठसाच वेगळा कोरलेला असतो: वर्षाचा आकडा सरकलेला, अक्षरांमधलं अंतर निराळं, एखाद्या अक्षरावर तेच अक्षर पुन्हा ठोकलेलं. दुहेरी दिसणाऱ्या अक्षरांना मात्र फसू नका. अक्षराच्या टोकाला खाच पडून दोन गोल टोकं दिसली तर दुहेरीपणा ठशातला. शेजारी नुसती सपाट पायरी असेल, तर आघाताच्या वेळी ठसा हलला इतकंच.

या छंदातलं एक देखणं नाणंही बर्मिंगहॅमचंच. ठसे कोरणाऱ्या जोसेफ मूर याने 1844 च्या सुमारास नमुन्याची पेनी काढली: तांब्याची कडी आणि मध्ये पांढऱ्या धातूची चकती. त्या काळची खरी तांब्याची पेनी 34 मिलिमीटरची आणि जड, म्हणून लहान पेनी कशी दिसेल हे दाखवायचा तो प्रयत्न होता. लोकांना ती सरकारीच वाटली आणि टांकसाळीला ती आपली नसल्याचं जाहीर करावं लागलं. अशा नाण्याला 'खोटं नाणं' म्हणू नका. खोटं नाणं फसवण्यासाठी पाडतात; याच्यावर तर मॉडेल हा शब्दच कोरलेला आहे. हे नमुन्याचं नाणं.

जर्मनीतल्या नुरेंबर्गच्या लाउअर कारखान्याच्या चकत्यांवर श्पीलमार्के, म्हणजे खेळाची चकती, असं लिहिलेलं आढळतं. त्या पत्त्यांच्या डावात पैशांऐवजी मांडायच्या. त्यांना खेळाची नाणी म्हणा. मुलांच्या दुकान-दुकान खेळात चालतात ती खेळण्यातली नाणी. एका प्रत्ययाने दोन वस्तू वेगळ्या होतात, आणि तुमच्या संग्रहात या दोन्ही असतील तर डबेही दोन ठेवा.