इंटरप्टला ‘व्यत्यय’ का म्हणू नये

नाशिकच्या अंबड भागात ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर, म्हणजे तिच्या अंतर्भागावर, काम करणाऱ्या एका वाचकाने आपल्या सहकाऱ्यांसाठी मराठीत एक टिपण तयार केले असून त्याला ‘पारगामी उपकरणांसाठी गतिशील व्यत्यय-वाटप’ असे शीर्षक दिले आहे. हे मराठी बरोबर आहे का, असे त्यांनी विचारले आहे. विषय असा: यजमान संगणकावरचे एखादे खरे उपकरण, उदाहरणार्थ नेटवर्क कार्ड, पासथ्रू पद्धतीने आभासी यंत्राच्या, म्हणजे पाहुण्या सिस्टिमच्या, ताब्यात दिले की त्याचे इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हातातले काम थांबवून लक्ष द्यायला लावणारे संकेत, कर्नलने आधीच ठरावीक संख्येने न लावता गरज पडेल तसे लावायचे. शीर्षकात व्याकरणाची चूक एकही नाही, आणि तरी ‘उपकरणांसाठी’ सोडला तर त्यातला एकही शब्द मला पटलेला नाही.

‘गतिशील’चा निकाल लगेच लावता येतो. येथे कोणतीही गोष्ट गतीत नाही. जे आधी करायचे ते आयत्या वेळी होते, एवढेच. त्यासाठी ‘लागेल तसे’ हे दोन साधे शब्द पुरतात, पण परिभाषा घडवणाऱ्यांना साध्या शब्दांची लाज वाटते. ‘वाटप’ही बसत नाही. धरणातल्या पाण्याचे वाटप होते, कारण साठा एक असतो आणि तो दावेदारांत विभागायचा असतो. कर्नल येथे काही विभागत नाही. उपकरणाच्या एका ओळीला, म्हणजे त्याच्या इंटरप्टच्या तक्त्यातल्या एका नोंदीला, एक क्रमांक नेमून देतो. ती नेमणूक आहे, आणि ती शब्दशः नेमणूकच आहे, कारण लिनक्समध्ये अशी ओळ एकदा लावली की पाहुण्याने मध्येच तिच्याकडे पाठ फिरवली तरी त्या उपकरणाची एमएसआय-एक्स ही इंटरप्टची सोय बंद होईपर्यंत कर्नल ती काढून घेत नाही.

आता ‘व्यत्यय’. हा शब्द इंटरप्टसाठी इतक्या वेळा कानावर येतो की त्याविरुद्ध बोलणाऱ्यालाच लोक हटवादी ठरवतात. वि, अति आणि ‘जाणे’ या अर्थाचा ‘इ’ धातू यांपासून तो झाला आहे, आणि संस्कृतात त्याचा अर्थ उलटापालट, अदलाबदल असा आहे. वेदांच्या भाषेत एका रूपाच्या जागी भलतेच रूप येते, त्याला पाणिनीने ‘व्यत्ययो बहुलम्’ (३.१.८५) म्हटले आहे. मराठीत हा अर्थ घसरत जाऊन ‘खोळंबा’ झाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. भाषेत असे होतच असते. तक्रार अशी की खोळंबा हा दोष आहे आणि इंटरप्ट हा दोष नाही. नेटवर्क कार्डाकडे पॅकेट आले की ते प्रोसेसरला कळवते, आणि त्यासाठीच ते तेथे बसवलेले असते. ‘उपकरणाने व्यत्यय आणला’ असे वाक्य नवख्या मुलाने वाचले, तर तो दुरुस्ती करणाऱ्यालाच बोलावील.

यासाठी मराठीत ‘वर्दी’ हा शब्द तयार आहे. नाशिकमधल्या शिंगाडा तलावाच्या अग्निशमन केंद्राला वर्दी मिळते, पोलीस ठाण्यात वर्दी दिली जाते, आणि मग हातातले काम बाजूला ठेवून माणसे उठतात. प्रोसेसर याहून वेगळे काय करतो? हिंदी चित्रपटांच्या नादाने ‘वर्दी’ म्हणजे गणवेश असे समजणारी एक पिढी आता तयार झाली आहे. त्या पिढीसाठी मराठीने आपला अर्थ सोडून द्यावा, हे मला मान्य नाही. शिवाय आजचे इंटरप्ट ‘वर्दी’च्या अधिकच जवळ आले आहेत. पूर्वी त्यांच्यासाठी स्वतंत्र तारा असत, आणि जुन्या पीसीआय जोडणीच्या उपकरणाला अशा चारच तारा उपलब्ध होत्या. एमएसआय आणि त्यानंतरच्या एमएसआय-एक्स पद्धतीत उपकरण एका ठरलेल्या पत्त्यावर एक ठरलेला आकडा लिहिते. एमएसआय-एक्सच्या तक्त्यात प्रत्येक ओळ १६ बाइटची असते: ८ बाइट पत्त्याचे, ४ मजकुराचे आणि ४ नियंत्रणाचे, ज्यांतल्या सर्वांत खालच्या बिटाने ती ओळ झाकता येते. कोणाला कळवायचे, काय कळवायचे आणि सध्या कळवायचे की थांबायचे, हे सारे या एका ओळीत असते.

इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती पाहिली, तर खरी मौज सुरू होते. ‘इंटरप्ट’मध्ये लॅटिनचा ‘रुम्पेरे’, म्हणजे मोडणे, तोडणे, हा धातू आहे. मधेच तोडणे तो इंटरप्ट. तुलनात्मक भाषाशास्त्र या धातूचा संस्कृत भाऊ म्हणून ‘लुप्’कडे बोट दाखवते. ‘लुम्पति’ म्हणजे तोडतो, हिसकावतो, आणि त्यापासूनच आपले ‘लोप’ आणि ‘लुप्त’. इंग्रजीतला ‘रॉब’ याच कुळातला आहे. (‘लूट’ला मात्र या पंक्तीत बसवू नये, ती ‘लुण्ट्’ची लेक आहे आणि केवळ ‘लु’ सारखा म्हणून नाती जुळवणाऱ्यांनी व्युत्पत्तीच्या वाटेला जाऊ नये.) इंग्रजीतला ‘रूट’, म्हणजे मार्ग, हाही त्याच लॅटिन धातूचा: ‘रुप्ता’ म्हणजे फोडून काढलेली वाट. याचा अर्थ कर्नलवाले रोज ज्याला ‘इंटरप्ट रूटिंग’ म्हणतात, त्यात एकाच धातूची दोन अपत्ये शेजारीशेजारी उभी असतात आणि त्यांना एकमेकांची ओळख नसते.

येथे मी माझे एक लाडके मत मांडतो, ज्यावर व्युत्पत्तिकार मित्र माझ्याशी भांडत आले आहेत. मोडणे, मार्ग काढणे आणि लुबाडणे या तीन अर्थांचा गुच्छ त्या कुळात अपघाताने जमलेला नसावा, कारण मराठीने पूर्णपणे वेगळ्या शब्दांतून तोच गुच्छ बांधला आहे. आपण डोंगरात वाट पाडतो, आणि वाटसरूंना लुबाडणारा तोही ‘वाटपाड्या’च. मित्र म्हणतात की हे अर्थसाम्य आहे, व्युत्पत्ती नव्हे. अर्थसाम्यच आहे, मी तरी दुसरे काय म्हणतो? पण ज्यांना धातुपाठापलीकडे रस्त्यावरची भाषा दिसत नाही, त्यांनी अर्थसाम्याला ‘केवळ’ म्हणून हिणवू नये. याच ‘लोपा’वरून लोपामुद्रेचे नाव पडले, असे परंपरा सांगते, आणि तिचा पती अगस्ती याचा आश्रम येवल्याजवळच्या अंकाई किल्ल्यावर दाखवतात, हे जाता जाता.

‘लोप’ मी मुद्दाम पुढे आणला, कारण प्रश्नकर्त्याच्या विषयाचे मर्म त्यातच आहे. एमएसआय-एक्समध्ये एका उपकरणाला २०४८ पर्यंत ओळी असू शकतात, आणि पाहुणी सिस्टिम त्यांतल्या किती वापरणार हे सुरुवातीला कोणालाच ठाऊक नसते. ती एकेक ओळ उघडत जाते. सगळ्या आधीच लावून ठेवाव्यात, तर एक्स८६ प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्याकडे क्रमांकच २५६, आणि त्यांतले पहिले ३२ अपवादांसाठी, म्हणजे प्रोसेसरला स्वतःच्याच कामात येणाऱ्या अडचणींसाठी, राखीव. म्हणून पूर्वी थोड्या ओळी लावून काम सुरू होई, आणि पाहुण्याने पुढची ओळ मागितली की त्या उपकरणाची सगळी इंटरप्ट व्यवस्था बंद करून मोठ्या संख्येने पुन्हा सुरू करावी लागे. पाटाचे आवर्तन चालू असताना एका नव्या शेताची पाळी लावायची म्हणून पाटकऱ्याने सगळीच दारे बंद करावीत, असा तो प्रकार होता. त्या मधल्या क्षणांत उपकरणाने दिलेली वर्दी हरवू शकत असे. इंटरप्टचा लोप! एकाच मुळाचे दोन शब्द या दोषात पुन्हा एकत्र आले, आणि त्याला ‘व्यत्ययात आलेला व्यत्यय’ म्हणणाऱ्यांना हे कधी दिसणार नाही.

लिनक्सच्या ६.५ या आवृत्तीत, २०२३ साली, उपकरण पाहुण्याच्या ताब्यात देणाऱ्या व्हीएफआयओ या भागात ही उणीव दूर झाली: चालू ओळींना हात न लावता कर्नल नवी ओळ मागणीच्या वेळी नेमतो. पाणिनीने ‘अदर्शनं लोपः’ (१.१.६०) अशी लोपाची व्याख्या करून लगेच पुढे ‘प्रत्ययलोपे प्रत्ययलक्षणम्’ (१.१.६२) सांगितले, म्हणजे प्रत्यय दिसेनासा झाला तरी त्याचे कार्य होते. एमएसआय-एक्समध्ये झाकलेल्या ओळीची वर्दी नेमकी अशीच वागते: ती पोहोचत नाही, पण प्रलंबित म्हणून तिची नोंद राहते आणि ओळ उघडताच ती निघते. जुन्या पद्धतीत जे हरवे, त्याला हा नियम लागू नव्हता. तो पाणिनीचा लोप नव्हता, ‘लुम्पति’चा होता.

राहिला पासथ्रूसाठी योजलेला ‘पारगामी’, ज्याच्यासाठी बहुधा प्रश्न मुळात विचारला गेला होता. हा शब्द, आणि काही जण सुचवतात तो ‘आरपार’ही, वर्दीच्या बाबतीत चुकीचे चित्र उभे करतो. सोपवलेले उपकरण पाहुण्याच्या स्मृतीत थेट लिहू शकते हे खरे. परंतु त्याची वर्दी सामान्यतः आधी यजमान कर्नलकडे उतरते आणि तेथून इव्हेंट-एफडी (कर्नलची निरोप पोहोचवण्याची सोय) व केव्हीएम (आभासी यंत्रे चालवणारा कर्नलचा भाग) यांच्या हातून पाहुण्याकडे जाते. पोस्टेड इंटरप्टची सोय असलेल्या प्रोसेसरवर ती थेट पोहोचू शकते, पण तेथेही आधीची जुळणी कर्नललाच करावी लागते. म्हणून ‘सुपूर्द उपकरण’ म्हणावे: ताबा दिला आहे, मालकी दिलेली नाही.

‘सुपूर्द उपकरणांसाठी लागेल तशी वर्दी-नेमणूक’ असे शीर्षक करावे, आणि त्यात ‘एमएसआय-एक्स’ हे नाव जसेच्या तसे घालावे. साध्या एमएसआयमध्ये जास्तीत जास्त ३२ वर्द्या, दोनाच्या घातांच्या गटांत आणि एकाच पत्त्यावर, सलग क्रमांकांनी एकदमच लावाव्या लागतात. तेथे मागाहून एक वाढवता येत नाही, आणि नाव गाळले तर शीर्षक तेवढ्यापुरते खोटे ठरेल.