किनाऱ्यावरचा रेलट्रेल: चढ कमी, वारा जास्त

बंद पडलेल्या लोहमार्गाचे रूळ काढून त्यावर केलेल्या सायकलवाटा, म्हणजे रेलट्रेल, याविषयी वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. त्यातले समुद्राकाठच्या वाटांबद्दलचे निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न: सुटीत समुद्राकाठच्या एका ३२ किलोमीटर लांबीच्या रेलट्रेलवर जायचा बेत आहे. भाड्याच्या सायकली सकाळी १० ला मिळतात आणि संध्याकाळी ५ ला परत द्याव्या लागतात. आम्ही नवरा-बायको दोघंही रोज सायकल चालवत नाही, पण रस्ता अगदी सपाट आहे म्हणतात. एका दिवसात जाऊन-येऊन ६४ किलोमीटर होतील ना?

कागदावर होतात आणि घोळ तिथेच होतो. सवय नसलेल्या माणसाचा चालत्या सायकलीवरचा वेग ताशी १२ किलोमीटर धरा. ६४ किलोमीटरला ५ तास २० मिनिटं झाली. पाणी पिणं, खाणं, फोटो काढणं, चुकलेलं वळण शोधणं यात दीड तास सहज जातो. तुमच्या ७ तासांतली दहाच मिनिटं उरली, आणि यात अजून वारा धरलेला नाही.

रस्ता सपाट आहे हे मात्र खरं. पोलादी चाक पोलादी रुळावर चढाला घसरतं, म्हणून जुन्या अभियंत्यांनी डोंगर फोडून आणि भराव घालून चढ बहुतेक ठिकाणी १ ते २ टक्क्यांत ठेवले. पण त्याच भरावांवर सायकलस्वाराला आडोसा नसतो. समुद्राच्या बाजूने मोकळं, खाडीवरच्या पुलावर तर दोन्ही बाजूंनी मोकळं. चढ संपला की उतार मिळतो, समोरचा वारा मात्र तासन् तास तसाच राहतो.

हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी १५ ने चाललात आणि समोरून ताशी २० चा वारा आला, तर अंगावर ३५ ची हवा येते आणि विरोध पाचपटीहून जास्त होतो. हवामानाच्या अंदाजातला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो, सायकलीच्या उंचीवर तो थोडा कमी होतो. तरीही एरवी १५ ने चालणारा माणूस तेवढाच जोर लावून ९-१० वर येतो.

आता वेळ बघा. उन्हाळी, निरभ्र दिवशी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, वरची हवा उचलली जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो. साधारण १०-११ ला सुरू होतो, दुपारी २ ते ४ मध्ये सर्वांत जोरात असतो, सूर्यास्ताच्या सुमारास पडतो. म्हणजे तुमचा परतीचा प्रवास नेमका भर वाऱ्यात. शिवाय हा वारा सुरुवातीला किनाऱ्याशी काटकोनात येत असला तरी दुपारनंतर कलतो. उत्तर गोलार्धात समुद्राकडे पाठ करून उभं राहिलात तर तो हळूहळू तुमच्या उजवीकडे वळतो, दक्षिण गोलार्धात डावीकडे. वाट त्या दिशेला जात असेल तर तो पाठीशी येतो, उलट निघालात तर तोंडावर. अंदाजात ‘वायव्य वारा’ लिहिलं असेल तर तो वायव्येकडून येतो. तिकडे वाहतो असं समजून अख्खी सहल उलटी आखणारे कमी नाहीत.

म्हणून किलोमीटर ठरवू नका, परत फिरायची वेळ ठरवा. ७ तासांतला पाऊण तास पंक्चरसाठी बाजूला काढा. निघताना वारा तोंडावर असेल तर उरलेल्या वेळाचा अर्धा भाग संपेपर्यंत, म्हणजे १ वाजेपर्यंत, पुढे जायला हरकत नाही. वारा पाठीशी असेल तर एक तृतीयांश वेळ संपताच, म्हणजे १२ ला, वळा. मग कितीही छान वाटत असो, कारण पाठीवरचा वारा जाणवतच नाही. आज आपले पाय चांगले चालतायत एवढंच वाटतं. तुमच्यासाठी १८ किलोमीटर जाऊन परत येणं, एकूण ३६, हा भरगच्च पण सुखाचा दिवस होईल.

पूर्ण ३२ करायचेच असतील तर एकाच दिशेने करा. आधी आगगाडीने किंवा सायकल नेणाऱ्या गाडीने दूरचं टोक गाठा आणि तिथून मुक्कामाकडे सायकलने या. लोक उलट करतात आणि शेवटच्या गाडीच्या धास्तीने आजूबाजूचं बघायचंच राहतं. गाडीत सायकलींच्या जागा मोजक्या असतात आणि काही ठिकाणी त्या आधी राखून ठेवाव्या लागतात. जोडसायकल (दोघांनी मिळून चालवायची) किंवा मुलांना बसवून सायकलीमागे ओढायची ट्रेलर घेतीलच असं नाही, हे आधी विचारा.

प्रश्न: वाट समुद्राकाठची आहे असं नाव सांगतं. पण समुद्र खरंच दिसतो का हे आधी कसं ओळखायचं?

नकाशाच्या उपग्रहचित्रावर. नावावर जाऊ नका. अमेरिकेतला केप कॉड रेल ट्रेल सुमारे ४० किलोमीटरचा आहे, पण बराचसा झाडीतून आणि तळ्यांजवळून जातो. समुद्रासाठी फाटे घ्यावे लागतात. इटलीत सान लोरेन्झो अल मारे ते ओस्पेदालेत्ती हा २४ किलोमीटरचा पट्टा मात्र खरोखर पाण्याला लागून आहे, कारण २००१ मध्ये लोहमार्ग आत सरकवला आणि किनाऱ्यावरची जुनी जागा मोकळी झाली. इंग्लंडमधल्या कॅमल ट्रेलचा वेडब्रिज ते पॅडस्टो हा सुमारे ९ किलोमीटरचा भाग नदीमुखाच्या कडेने जातो, तिथे भरती आहे की ओहोटी यावर सगळं दृश्य ठरतं. भरतीचं वेळापत्रक त्यासाठीही बघा.

नकाशावर आणखी एक गोष्ट शोधा: वाट अचानक काटकोनात कुठे वळते. रेल्वे तशी कधी वळत नाही. तिथे जुनी जमीन विकली गेलेली असते किंवा पूल पडलेला असतो, आणि पर्यायी तुकडा साध्या रस्त्यावरून, कधी चांगल्या चढावरून जातो.

प्रश्न: भाड्याची सायकल ताब्यात घेताना काय तपासायचं? दुकानात गर्दी असते, दोन मिनिटं मिळतात.

दोन मिनिटं पुरतात. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल अगदी खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. चवडा ठेवला की तो आपोआप थोडा वाकतो. सीट खाली असेल तर पंधराव्या किलोमीटरला गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागतं.

मग ब्रेक. ब्रिटन आणि जपानमध्ये पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, अमेरिकेत आणि युरोपच्या बऱ्याच भागात डाव्या. सवयीने भलताच लिव्हर करकचून दाबला तर पुढचं चाक अडतं. सायकल हाताने ढकलत एकेक लिव्हर दाबून बघा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर दुसरी सायकल मागा. हँडलवर एकच लिव्हर असेल किंवा एकही नसेल तर ती उलटं पॅडल मारून थांबणारी असू शकते. ती अंगणात चार फेऱ्या मारल्याशिवाय वाटेवर नेऊ नका.

हवेचा दाब टायरच्या कडेवर छापलेला असतो. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीच्या टायरला, सत्तरेक किलोच्या माणसासाठी, ४५ ते ५५ पीएसआय ठीक. त्याहून बराच कमी असेल तर खडीच्या कडेवर ट्यूब रिमखाली (चाकाच्या धातूच्या कड्याखाली) चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

सोबत त्या मापाची ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या) आणि त्याच वाल्व्हला बसणारा पंप मागून घ्या. चाक नटांनी बसवलेलं असेल तर १५ मिलिमीटरचा पाना लागतो, आणि नेमका तोच पिशवीत नसतो. पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं हळूच फिरवा. काटा तिथेच असेल तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते.

प्रश्न: वाटेत वाळू, लाकडी पूल आणि एक लांब बोगदा आहे. घाबरायचं कारण आहे का?

बोगद्याचं नाही. आत शिरण्यापूर्वी गॉगल काढा, वेग कमी करा, पुढचा-मागचा दिवा लावा. दिवे नसलेल्या बोगद्यासाठी मोबाइलचा उजेड पुरत नाही, हँडलवर बसवलेला चांगला दिवा हवा.

वाळूचं आहे. वाऱ्याने डांबरावर आलेल्या वाळूचा थर वळणावर दिसत नाही. दिसली तर आधीच हलका गिअर घ्या, अंगाचा भार मागे न्या, हँडल सरळ ठेवा आणि पॅडल मारत राहा. वाळूत पुढचा ब्रेक लावणं किंवा हँडल वळवणं म्हणजे पडणंच. ओल्या फळ्यांवरही तेच: जे काही ब्रेक लावायचे ते पुलाच्या आधी. फळ्या लांबीत बसवलेल्या असतील तर फटीत चाक अडकू शकतं, अशा वेळी उतरून चाला. एखाद्या फाटकाजवळ रूळ अजून शाबूत असतील तर ते काटकोनात ओलांडा.

पण अनुभवी लोकही आपटतात ते रस्ता ओलांडायच्या जागी, मोटारी येऊ नयेत म्हणून वाटेच्या मधोमध रोवलेल्या खुंटांवर. पुढच्याला खुंट दिसतो, तो शेवटच्या क्षणी बाजूला होतो आणि मागच्याच्या पुढ्यात खुंट. पुढच्याने “खुंट!” म्हणून ओरडायचं आणि मागच्याने तीन सायकलींइतकं अंतर ठेवायचं.

प्रश्न: ई-सायकल घेतली तर वाऱ्याचा प्रश्न मिटेल?

बॅटरी आहे तोवर मिटेल. ५०० वॉट-तासांची बॅटरी मोटरच्या बेताच्या मदतीवर, किलोमीटरला ८ वॉट-तास धरले, तर ६० किलोमीटर जाते. समोरच्या वाऱ्यात जास्तीत जास्त मदत घेतली की खर्च १५ च्या पुढे जातो आणि तीच बॅटरी ३०-३३ किलोमीटरला संपते. पडद्यावरचा ‘उरलेले किलोमीटर’ हा आकडा आतापर्यंतच्या खर्चावरून काढलेला असतो, पुढच्या वाऱ्याची त्याला खबर नसते. परतीला वारा तोंडावर येणार असेल तर बॅटरी निम्म्याच्या बरीच वर असतानाच वळा. त्या वाटेवर ई-सायकलींना परवानगी आहे ना, तेही बघा.

प्रश्न: स्वतःची सायकल नेली तर खाऱ्या हवेने खराब होईल का?

एका दिवसाने नाही, मीठ रात्रभर तसंच ठेवल्याने होते. मुक्कामी पोचताच साध्या गोड्या पाण्याची बारीक धार सोडून धुवा. जोराचा फवारा नको, तो बेअरिंगमधलं ग्रीस हुसकून मीठ आत नेतो. चेन फडक्याने कोरडी करा, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब टाका, पॅडल उलटं फिरवा आणि दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून घ्या. ओलसर चेनला वाळू चिकटते आणि दुसऱ्या दिवशी गिअर बदलताना कचकच आवाज येतो. डिस्क ब्रेक असतील तर चकतीवर तेलाचा थेंबही जाऊ देऊ नका.